सांध्याचे बळ पृष्ठभागात

परभणी जिल्ह्यातील मानवत ही कापसाची बाजारपेठ. या परिसरातील शेतकऱ्याला प्लॅस्टिकच्या नळ्या नव्या नाहीत. पीव्हीसीचा पाइप जोडताना टोके स्वच्छ पुसून सोल्युशन लावले की सांधा पक्का होतो. ठिबक सिंचनाची काळी नळी मात्र कोणी चिकटवीत नाही. ती जॉइनरनेच जोडतात. या भेदाचे कारण वैद्यकीय साधनांच्या निर्मितीतही तितकेच महत्त्वाचे आहे.

सोल्युशनमधील द्रावकाने पीव्हीसीचा पृष्ठभाग किंचित विरघळतो, दोन्ही भागांचे रेणू परस्परांत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर सांधा एकजीव होतो. सलाइनच्या संचातील पीव्हीसी नळ्याही याच तत्त्वावर जोडता येतात. ठिबकची नळी पॉलिएथिलीनची असते. इंजेक्शनच्या सुईचे प्लॅस्टिकचे बूड बहुधा त्याच कुळातील पॉलिप्रॉपिलीनचे असते. सामान्य तापमानाला ही प्लॅस्टिके अशा द्रावकांना दाद देत नाहीत. त्यांची पृष्ठऊर्जा सेंटिमीटरला सुमारे ३० डाइन, तर पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ डाइन. त्यामुळे अळवावरच्या पाण्याप्रमाणे द्रव त्यांवर पसरत नाही. आणि जो गोंद पसरत नाही, तो धरूनही ठेवत नाही.

यास्तव चिकटविण्यापूर्वी पृष्ठभागाची सिद्धता करावी लागते. प्रथम साच्यातून आलेले तेलकट अंश आणि हाताचा स्निग्धांश आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. त्यानंतर उच्च दाबाच्या विद्युत्‌विसर्गाने किंवा प्लाझ्माने पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट निर्माण करतात. वस्तूचा आकार तोच राहतो. पालटतो तो केवळ वरचा अतिसूक्ष्म थर. पाण्याचा थेंब आता पसरला, तर संस्कार साधला असे समजावे. हा गुण कालांतराने ओसरतो. म्हणून त्या जागेला उघडा हात न लावता गोंद लवकर लावणे इष्ट.

सांधा निर्जंतुकीकरणाची उष्णता वा किरणे सोसणारा हवा आणि गोंद शरीरास निरुपद्रवी हवा. सुई बुडापासून ओढून सांध्याची ताकद तपासली जाते. केंद्र शासनाचे वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले असून त्यांत निर्मितीच्या गुणवत्ता व्यवस्थेवर भर आहे.

सुई बुडापासून सुटली तर ती रुग्णाच्या शरीरात राहू शकते; सलाइनचा सांधा सैलावला तर औषध गळते आणि जंतूंना वाट मिळते. शेतातील पाइप गळाला तर पाणी वाया जाते. रुग्णशय्येजवळचा सांधा निखळला तर जीव धोक्यात येतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या थराची निगा राखणे हे म्हणूनच कारखान्यातील प्रत्येक कामगाराचे कर्तव्य ठरते.