अवखळ नायिका : व्यक्तिरेखा की सोय?

चित्रपटाविषयी बोलताना आपण बहुधा कथा, अभिनय आणि संगीत यांपाशीच थांबतो. एखादे पात्र मुळात कशासाठी निर्माण झाले आहे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. अवखळ, लहरी नायिकेवरून चित्रपटरसिकांत जो वाद चालू आहे, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्या वादाचा थोडक्यात परामर्श घेऊन माझे मत मांडण्याचा विचार आहे.

या नायिकेला नाव मिळाले ते २००७ साली. कॅमेरन क्रो यांच्या 'एलिझाबेथटाउन' (२००५) या चित्रपटाविषयी लिहिताना नेथन रॅबिन या अमेरिकन समीक्षकाने 'मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल' असा शब्दप्रयोग केला. पिक्सी म्हणजे इंग्रजी लोककथांतील खोडकर परी. या चित्रपटाचा नायक धंद्यातील अपयशाने खचून आत्महत्येच्या विचारापर्यंत पोचलेला आहे. वडिलांच्या अंत्यविधीसाठी जात असताना त्याला विमानात क्लेअर ही हवाई सुंदरी भेटते. ती त्याच्याशी रात्रभर फोनवर बोलते, परतीच्या प्रवासाचा नकाशा आखून देते, त्यासोबत ऐकायची गाणीही निवडून देते. नायक सावरतो. पण क्लेअरला स्वतःला काय हवे आहे, हे चित्रपट संपला तरी आपल्याला फारसे कळत नाही. रॅबिन यांचा आक्षेप याच जागी होता. अशी मुलगी उदास नायकाला जगायला शिकवण्यापुरतीच पडद्यावर येते. ती दिग्दर्शकाची सोय असते.

आक्षेप रास्त होता. परंतु नाव सापडले की ते लावत सुटण्याचा मोह होतो. पुढे रसिकांनी जुन्या-नव्या शेकडो नायिकांवर हा शिक्का मारला. 'ब्रिंगिंग अप बेबी' (१९३८) मधील कॅथरिन हेपबर्नची सुझन त्यांत आली. 'इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड' (२००४) मधील केट विन्स्लेटची क्लेमेंटाइनही आली. अखेर २०१४ साली खुद्द रॅबिन यांनीच हा शब्द रूढ केल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

येथे रसिकांत दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, हा शब्द उपयोगी आहे. त्याने लेखकाचा आळस उघडा पडतो. दुसरा पक्ष म्हणतो, या शब्दाने प्रत्येक खेळकर, विक्षिप्त स्त्री संशयास्पद ठरते. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. मात्र निर्णय स्वभावावरून न करता कथेतील स्थानावरून करावा, असे मला वाटते. त्यासाठी दोन प्रश्न पुरेसे आहेत. नायक दृश्यात नसताना या मुलीला काही आयुष्य आहे काय? आणि तिच्या वागण्याची किंमत तिला स्वतःला मोजावी लागते काय?

आता सुझन पाहा. ती त्या शास्त्रज्ञाचा पाठलाग करते, बिबट्याचे लटांबर त्याच्या गळ्यात बांधते, शेवटी त्याने जुळवत आणलेला प्रचंड सांगाडाही कोसळवते. पण हे सारे ती स्वतःच्या हौसेसाठी करते. तिला तो माणूस हवा आहे. त्याचा उद्धार करण्याची तिला काडीचीही फिकीर नाही. क्लेमेंटाइन तर नायकाला आधीच बजावते की, पुरुष तिच्यात आपल्या पूर्णतेची कल्पना शोधतात, पण तिला स्वतःच्याच मनाची शांती मिळवायची आहे. '५०० डेज ऑफ समर' (२००९) मध्ये समर पहिल्यापासून सांगते की तिला गंभीर नाते नको आहे. टॉम ते ऐकतो, पण मनावर घेत नाही. चित्रपट टॉमच्या आठवणींतून उलगडत असल्यामुळे आपल्यालाही समर अर्धीच दिसते, आणि दोष तिचा की पाहणाऱ्याचा, हा प्रश्न उरतो. 'रुबी स्पार्क्स' (२०१२) मध्ये तर लेखकाने कागदावर रंगवलेली मुलगीच सजीव होते आणि तो टंकलेखन यंत्रावर वाक्ये लिहून तिला हवी तशी वाकवू लागतो. ही पटकथा नायिकेची भूमिका करणाऱ्या झोई कझान यांनीच लिहिली आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. हृषीकेश मुखर्जी यांच्या 'खूबसूरत' (१९८०) मधील रेखाची मंजू शिस्तीने आखडलेल्या एका घरात हसू आणते. पण तिची झुंज घरातील कर्त्या स्त्रीशी आहे, आणि खेळकरपणाचा ठपका तिलाच सोसावा लागतो. इम्तियाज अली यांच्या 'जब वी मेट' (२००७) चा पूर्वार्ध पाहिला तर गीत ही क्लेअरचीच बहीण वाटते. उत्तरार्धात मात्र तीच गीत प्रियकराने झिडकारल्यावर सिमल्यात मूक होऊन राहते, आणि सावरण्याचे काम आदित्यकडे येते. तिचे हसू आटू शकते हे दाखवल्यामुळेच ती माणूस ठरते.

कोणी विचारील, मुखर्जींच्याच 'आनंद' (१९७१) मधील आनंदही खिन्न डॉक्टरला जगायला शिकवतो. मग त्याला कोणी हे नाव का देत नाही? प्रश्न योग्य आहे. पण आनंदला स्वतःचा आजार आहे, मागे सोडलेले प्रेम आहे, स्वतःचे मरण आहे. चित्रपटालाही त्याचेच नाव आहे. नायिकेसाठी आपण एवढेच मागतो आहोत.

हा वाद केवळ पडद्यापुरता नाही. वर्गातील एखादी बडबडी मुलगी सर्वांना हसवते, म्हणून तिने सदैव हसवावे अशी आपली अपेक्षा बनते. ती गप्प बसली तर 'आज हिला काय झाले?' असे आपण काहीशा नाराजीनेच म्हणतो. ही अपेक्षा आपण चित्रपटांतून शिकलो, की चित्रपटांनी ती आपल्याकडून उचलली, हे सांगणे कठीण आहे. परंतु पुढील चित्रपट पाहताना वरील दोन प्रश्न मनाशी ठेवले, तर शेजारच्या बाकावरील मुलीलाही तेच प्रश्न लावण्याची सवय आपल्याला लागेल, असे मला वाटते.