मधुमेह : निदान एकदा, सांभाळ रोजचा

कोल्हापूरच्या गुळाचा आपल्या सर्वांना सार्थ अभिमान आहे. परंतु याच गुळाविषयी एक गैरसमज घरोघरी ऐकू येतो : ‘मधुमेह झाला म्हणून साखर सोडली, आता गूळ चालतो.’ वस्तुतः गुळातही मुख्यत्वे तीच शर्करा असते आणि रक्तातील साखर गुळानेही वाढते. मधुमेहाविषयीचे आपले अज्ञान असे गोड असते, म्हणूनच ते घातक ठरते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे व सुमारे १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा केवळ सुखवस्तू, स्थूल माणसांचा रोग आहे, ही समजूतही आता टिकत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात असे दिसले की, आपली बालके वजनाने कमी असूनही त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. रोगाची बीजे मातेच्या पोषणापर्यंत जातात ती अशी.

या रोगांसाठी केंद्र सरकारने २०१० साली १०० जिल्ह्यांत राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पुढे तो देशभर विस्तारला. आज तीस वर्षांवरील व्यक्तींची तपासणी गावपातळीवर होते, हे मोठे पाऊल आहे. पण तपासणी म्हणजे उपचार नव्हे.

माझ्या आत्याचेच उदाहरण घ्या. गावातल्या आशाताईंमुळे तिचा मधुमेह वेळेवर कळला. चार महिने तिने गोळ्या घेतल्या. मग ‘आता बरं वाटतंय, गोळ्या कशाला?’ म्हणून थांबवल्या. वर्षभराने नवी चप्पल लागून पायाला जखम झाली. दुखले मात्र नाही. वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. जखम चिघळल्यावरच ती ध्यानी आली. सुदैवाने पाय वाचला. आता आशाताई दरमहा येऊन गोळ्या संपल्या की नाही ते पाहतात, आणि आत्याही रोज रात्री तळपाय तपासते.

माझ्या मते कार्यक्रमाचे खरे बळ या दरमहाच्या फेरीत आहे. औषधांचा अखंड पुरवठा, रुग्णांची नोंदवही आणि न आलेल्याची विचारपूस, या तीन गोष्टी प्रत्येक उपकेंद्रात घडल्या तर कित्येक पाय, डोळे आणि मूत्रपिंडे वाचतील.

आपण कला शाखेचे विद्यार्थी यात काय करू शकतो? औषधाची चिठ्ठी बहुधा इंग्रजीत असते. घरातील वडीलधाऱ्यांना ती मराठीत समजावून सांगणे, कोणती गोळी केव्हा घ्यायची हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी भाषेचा हा उपयोग जरूर करावा.