कोंबडीचे अंग बाहेर येणे : कारणे, उपचार व चुन्याविषयी एक इशारा

यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यात राजूर नावाचे गाव आहे. कोळशाची खाण आणि चुनाभट्ट्या ह्यांवरून त्या गावाची ओळख आहे. अशा गावी मजुरीवर पोट भरणाऱ्या कुटुंबाच्या परसात पाचसात कोंबड्या असल्या, म्हणजे त्या घरास केवढा आधार असतो, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. मीठमिरचीचा खर्च अंड्यांवर निघतो, मुलांच्या व आजाऱ्यांच्या तोंडी सकस अन्न पडते, आणि अवचित पाहुणा आला तरी घरधनिणीस खाली पाहावे लागत नाही. त्यामुळे नेमाने अंडी देणारी कोंबडी एके सकाळी मागून तांबडा गोळा लोंबत असलेली दिसली, तर त्या बाईचा जीव खालीवर होतो. एक शेजारीण म्हणते, "कापून टाका, बाई." दुसरी म्हणते, "हळद आणि चुना लावा." पहिला सल्ला बहुधा घाईचा असतो, दुसरा तर घातकच आहे. ह्या दोहोंच्या आधी करण्याजोगे पुष्कळ आहे. त्याचाच विचार आम्ही ह्या पाठात करणार आहो.

१. हे दुखणे म्हणजे काय?

पक्ष्यांच्या शरीरात मल, मूत्र आणि अंडे ह्या तिन्हींस बाहेर पडावयास एकच द्वार असते. कोंबडीच्या पोटात डाव्या अंगास अंडनलिका असते; अंड्यावर असलेल्या कोंबडीत तिची लांबी सुमारे दोन फूट भरते. पिवळा बलक ह्या नलिकेत उतरला की, त्यावर प्रथम पांढरा भाग चढतो, नंतर पातळ पडदे आणि शेवटी कवच. एक अंडे पुरे होण्यास २४ ते २६ तास लागतात, व त्यांपैकी सुमारे २० तास एकट्या कवचाच्या घडणीस लागतात.

अंडे पडते वेळी नलिकेचे टोक क्षणभर उलटून द्वाराबाहेर येते. त्यामुळे अंड्यास विष्ठेचा स्पर्श फारसा होत नाही. अंडे पडले की ते टोक आपोआप आत ओढले जाते. हा नित्याचा व्यवहार आहे. अंडे घातल्याबरोबर द्वाराशी किंचित तांबडे दिसले म्हणून कोणी घाबरू नये. परंतु ते टोक आत न जाता बाहेरच राहिले, तर त्यास अंग बाहेर येणे म्हणतात. ज्यांनी गाईम्हशीचे मायांग बाहेर आलेले पाहिले आहे, त्यांस हा प्रकार चटकन समजेल.

२. असे का होते?

कारणे अनेक आहेत, व पुष्कळदा दोनतीन एकत्र येतात.

पहिले कारण अकाली अंड्यावर येणे. तलंगेचे शरीर भरण्यापूर्वीच तिला अंडे आले, तर तिच्या स्नायूंस तो ताण सोसत नाही. रात्री उशिरापर्यंत विजेचा दिवा खुराड्यात जळत ठेवला, म्हणजे कोंबडीस दिवस मोठा वाटतो आणि ती लवकर अंड्यावर येते. अधिक अंड्यांच्या लोभाने लावलेला दिवा असा अंगाशी येतो.

दुसरे कारण चरबी. बांधून ठेवलेली, मका व तांदळाच्या कण्या पोटभर खाणारी कोंबडी लठ्ठ होते. चरबीमुळे अंड्याची वाट अडते, आणि अंडे काढण्यास तिला कुंथावे लागते.

तिसरे कारण अंड्याचा आकार. दोन बलकांचे मोठे अंडे, किंवा वाटेत अडलेले अंडे, ह्यांमुळे नलिकेवर विशेष जोर पडतो. हगवण किंवा मलावरोध ह्यांनीही कुंथणे वाढते.

चौथे कारण चुनखडीच्या अंशाची, म्हणजे कॅल्शियमची, उणीव. अंड्याच्या एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. तेवढे रोजच्या अन्नातून मिळाले नाही, तर कोंबडी ते आपल्या हाडांतून काढते. स्नायूंच्या आकुंचनासही हेच द्रव्य लागते. ते उणे पडले, म्हणजे बाहेर आलेले अंग आत ओढण्याची शक्तीच राहत नाही.

गावरान कोंबडीपेक्षा सुधारलेल्या जातीच्या कोंबडीत हा विकार अधिक का आढळतो, हेही ह्यावरून कळेल. पाळीव कोंबडीची मूळ पूर्वज जी तांबडी रानकोंबडी, ती वर्षातून दहापंधरा अंडी घालून थांबते. व्हाइट लेगहॉर्नसारखी कोंबडी वर्षास २८० हून अधिक अंडी घालू शकते. जिच्याकडून आपण इतके घेतो, तिची निगाही तितकीच राखली पाहिजे.

३. पहिल्या तासात काय करावे?

(अ) कोंबडी ताबडतोब वेगळी करावी. बाकी सर्व कामे ह्यानंतर. तांबड्या ओल्या मांसाकडे इतर कोंबड्या धावतात व चोची मारतात. त्यांतून रक्त निघाले की त्यांस आवरणे कठीण. येथे आम्ही आमच्याच हातून घडलेली चूक सांगतो. अशी एक कोंबडी आम्ही सकाळी पाहिली, आणि "जेवण उरकून पाहू" असे म्हणून तिला कळपातच सोडले. तासाभराने परत आलो, तो इतर कोंबड्यांनी तिची आतडी ओढून काढली होती. तो तास आम्हांस अजून विसरता येत नाही. डालगे झाकून ठेवावयास अर्धा मिनिटही लागले नसते.

(आ) आपले हात साबणाने धुवावे. हातमोजे असल्यास घालावे. पाणी उकळून कोमट होऊ द्यावे, व अर्ध्या लिटर पाण्यात लहान चमचा सपाट भरून मीठ घालावे. एकाने कोंबडी फडक्यात गुंडाळून पंख दाबून धरावी, आणि दुसऱ्याने ह्या पाण्याने बाहेर आलेले अंग हळूहळू धुवावे. माती, विष्ठा व पिसे काढावी, चोळू नये.

(इ) आत अंडे अडले आहे काय, हे पोटावर हलक्या हाताने चाचपून पाहावे. अंडे लागले तर तेलाचे बोट लावून त्यास वाट मोकळी करून द्यावी. ते दाबून फोडू नये. कवचाच्या धारेने नलिका चिरते. अंडे सुटत नसेल, तर पशुवैद्यास दाखवावे.

(ई) अंग सुजलेले असेल तर त्यावर साधी साखर पाण्यात कालवून दाट लेप द्यावा व दहापंधरा मिनिटे राहू द्यावा. लोणच्याच्या फोडीतले पाणी मिठाने सुटते, तसेच सुजेतील पाणी साखर ओढून घेते आणि गोळा लहान होतो. नंतर लेप धुऊन टाकावा, नाही तर मुंग्या व माश्या लागतात.

(उ) मग अंगास व्हॅसलीन किंवा स्वच्छ खोबरेल तेल लावून, बोटाने मधला भाग आधी, अशा क्रमाने ते आत सारावे. जोर करू नये. आत गेल्यावर द्वारावर बोट ठेवून काही मिनिटे थांबावे. पुन्हा बाहेर आले, तर पुन्हा तसेच करावे. पहिल्या दिवशी दोनतीन वेळा असे करावे लागले, तरी निराश होऊ नये.

४. चुन्याविषयी इशारा

आता राजूरसारख्या गावी ज्याची विशेष गरज आहे, ती गोष्ट सांगतो. जेथे चुना घरोघर आहे, तेथे तो औषध म्हणून हाती येणे साहजिक आहे. मुका मार लागला असता हळद-चुन्याचा लेप देण्याची चाल आपल्याकडे आहेच. पण तो लेप धड कातडीवर देतात. कोंबडीचे बाहेर आलेले अंग कातडीचे नसून आतले कोवळे, ओले अस्तर आहे.

चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे ९०० अंश उष्णतेस भाजला, म्हणजे त्यातील वायू निघून जातो, व १०० भार दगडाचा सुमारे ५६ भार कळीचा चुना उरतो. ह्या चुन्यास पाणी लागताच तो तापतो व फसफसतो, हे भट्टीवर काम करणाऱ्यांस आम्ही काय सांगावे! पाण्यात विझवलेला चुनाही दाहक असतो. डोळ्यांत गेला तर दृष्टी जाण्याचा धोका आहे. तोच चुना कोंबडीच्या उघड्या अंगास लावला, तर अस्तर जळून काळे पडते. मग जी कोंबडी धुऊन व अंधारात ठेवून बरी झाली असती, ती त्या औषधानेच मरते. राख, तंबाखू व मिरची ह्यांचाही प्रयोग करू नये. माणसांच्या मूळव्याधीच्या मलमांत पुष्कळदा बधिर करणारे द्रव्य असते. ते पक्ष्यांस बाधते, म्हणून तेही वर्ज्य समजावे.

५. पुढील आठ दिवस

उपचाराचा अर्धा भाग औषधात नाही, विसाव्यात आहे. अंडी घालणे थांबले, तरच सैल झालेले अंग आवळण्यास अवसर मिळतो. ह्यासाठी कोंबडीस हवेशीर पण अंधाऱ्या जागी ठेवावे, व दिवसातून सुमारे आठ तासच उजेड मिळू द्यावा. वैशाखात विदर्भातला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा अंधारासाठी डालग्यावर जाड पोते घालून तिला गुदमरवू नये. पाणी सदैव जवळ असावे. ज्वारी व थोडा हिरवा पाला द्यावा. अंडी वाढविणारे पौष्टिक खाद्य तेवढे दिवस बंद ठेवावे.

खाली स्वच्छ फडके किंवा कोरडे गवत अंथरून ते रोज बदलावे. पावसाळ्यात माशी बसून एका दिवसात अळ्या पडू शकतात, म्हणून सकाळसंध्याकाळ जागा पाहावी. पशुवैद्याने सांगितल्यावाचून माणसांची औषधे किंवा इंजेक्शने देऊ नयेत. आणि औषध दिले असल्यास त्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत तिची अंडी खाऊ किंवा विकू नयेत. द्वारास टाका घालण्याचे काम पशुवैद्याचे आहे; ते सुईदोऱ्याने घरी करू नये.

६. आशा केव्हा सोडावी?

अंग तांबूस, ओले व न फाटलेले असेल, आणि उपचार लवकर झाला असेल, तर आशा धरावी. ते काळे पडले असेल, वाळले असेल, त्यास दुर्गंधी येत असेल, आतडी बाहेर आली असतील, किंवा काही दिवसांच्या निगेनंतरही ते वारंवार बाहेर येत असेल, तर पशुवैद्याचा सल्ला घ्यावा; तो मिळणे शक्य नसल्यास जाणत्या हाताने तिच्या यातना लवकर संपवाव्या. मुक्या प्राण्यास पैपैसाठी कुजत ठेवणे हे काटकसरीचे लक्षण नव्हे. बरी झालेली कोंबडी पुढे पुन्हा अंडी देऊ लागते, पण हा विकार उलटण्याचा संभव असतो. म्हणून पिलांसाठी तिची अंडी उबवणीस न ठेवणे बरे.

७. पुन्हा असे होऊ नये म्हणून

तलंगांस वेळेआधी दिव्याचा उजेड देऊ नये. कोंबड्यांस मोकळे हिंडू द्यावे, म्हणजे चरबी साचत नाही. अंडे घालण्याची जागा आडोशाची व मंद उजेडाची असावी, म्हणजे इतर कोंबड्यांची दृष्टी तिकडे जात नाही.

आणि येथे चुनखडी पुन्हा येते, पण आता मित्र म्हणून. न भाजलेल्या चुनखडीचे ज्वारीच्या दाण्याएवढे खडे, शिंपल्यांचा चुरा, किंवा अंड्यांची धुऊन भाजलेली व कुटलेली कवचे निराळ्या वाटीत ठेवावी; अंड्यावरची कोंबडी गरजेपुरते आपण होऊन खाते. वाढत्या पिलांच्या खाद्यात मात्र हे मिसळू नये. अधिक चुनखडीने त्यांचे मूत्रपिंड बिघडते. खडे खाद्याच्या दुकानातून घ्यावे; भट्टीजवळचा खडा अर्धवट भाजलेला असू शकतो. भाजलेल्या चुन्याची योग्य जागा खुराड्याच्या भिंतीवर आहे. तेथे सफेदी करावी, ती पुरती वाळू द्यावी, आणि मगच कोंबड्या आत घ्याव्या.

एकच दगड : कच्चा वाटीत, भाजलेला भिंतीवर, आणि जखमेवर दोन्हीही नाहीत. एवढे ज्या घरी लक्षात राहील, तेथील एखादी कोंबडी तरी वाचेल.

उजळणीसाठी प्रश्न

१. अंडे पडते वेळी नलिकेचे टोक बाहेर का येते?
२. अंग बाहेर आलेली कोंबडी सर्वांत आधी वेगळी का करावी?
३. साखरेच्या लेपाने सूज कशी उतरते?
४. कच्ची चुनखडी व कळीचा चुना ह्यांत भेद कोणता? प्रत्येकाची योग्य जागा सांगा.
५. आपल्या खुराड्यात रात्री दिवा जळतो काय? का?