घटक ४ : जपानी क्रियापदाची रूपव्यवस्था – मराठीच्या तुलनेत

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला :
• जपानी क्रियापदांचे वर्ग व त्यांची प्रमुख रूपे सांगता येतील.
• मराठी व जपानी आख्यातरूपे कोणकोणती माहिती व्यक्त करतात, याची तुलना करता येईल.
• ‘लिंग-वचनाचे विकार नसलेली भाषा सोपी असते’ या समजाची चिकित्सा करता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण मराठीतील आख्यातविकार पाहिले. ‘आलो’ म्हणताच बोलणारा स्वतःविषयी बोलत आहे हे कळते. ‘आल्या’ म्हणताच लिंग, वचन आणि प्रसंगी आदरही कळतो. आपली मातृभाषा असल्यामुळे क्रियापदाने ही माहिती द्यावी हे आपल्याला स्वाभाविक वाटते. परंतु ते सार्वत्रिक नाही. जपानीत मी, तू, तो, ती, ते यांपैकी कोणीही ‘आले’ तरी रूप एकच : ‘किता’. मग जपानी क्रियापद नेमके काय सांगते? या प्रश्नाचा शोध आपण या घटकात घेणार आहोत.

(सूचना : येथील जपानी शब्दांतील ‘आ’ ऱ्हस्व उच्चारावा.)

४.२ क्रियापदांचे वर्ग

जपानी वर्णमालेचा ‘आ, इ, उ, ए, ओ’ हा स्वरक्रम तुम्हांला ओळखीचा वाटेल. बौद्ध धर्माबरोबर तेथे पोहोचलेल्या सिद्धम् लिपीच्या आणि संस्कृत वर्णविचाराच्या अभ्यासाचा तो प्रभाव आहे. हाच क्रम क्रियापदे शिकताना उपयोगी पडतो.

पहिला वर्ग : या वर्गातील धातूचे अंत्य व्यंजन पाचही स्वर घेते. ‘काकु’ (लिहिणे) हे उदाहरण पाहा :

काकानाइ – लिहीत नाही
काकिमासु – लिहितो (श्रोत्याशी अदबीने)
काकु – लिहितो, लिहील (मूळ रूप)
काकेबा – लिहिले तर
काकोओ – लिहू या

‘काकु’ या एकाच रूपाचे ‘लिहितो’ आणि ‘लिहील’ असे दोन अर्थ दिले आहेत, हे लक्षात घ्या. जपानीत भूत आणि भूतेतर असा दुहेरी भेद आहे. भविष्यकाळाचे स्वतंत्र रूप नाही.

दुसरा वर्ग : येथे धातू बदलत नाही, फक्त ‘रु’ जाऊन प्रत्यय लागतो. ‘ताबेरु’ (खाणे) : ताबेनाइ, ताबेमासु, ताबेता.

अनियमित क्रियापदे : यांत प्रामुख्याने दोनच येतात. ‘सुरु’ (करणे) : शिनाइ, शिमासु, शिता. ‘कुरु’ (येणे) : कोनाइ, किमासु, किता.

अडचण येते ती पहिल्या दोन वर्गांच्या सीमेवर. ‘किरु’ म्हणजे कापणे आणि ‘किरु’ म्हणजे अंगात घालणे ही क्रियापदे कानालिपीत सारखीच लिहिली जातात. पण पहिल्याची रूपे ‘किरानाइ, कित्ता’, तर दुसऱ्याची ‘किनाइ, किता’. म्हणून ‘रु’ने संपणारे क्रियापद पाठ करताना त्याचे नकारार्थी रूपही सोबत पाठ करावे, त्यावरून वर्ग निश्चित होतो.

४.३ भूतकाळातील ध्वनिबदल

पहिल्या वर्गात ‘ता’ हा भूतकाळाचा प्रत्यय लागताना संधीसारखे बदल होतात :

काकु – काइता (लिहिले)
ओयोगु – ओयोइदा (पोहले)
योमु – योन्दा (वाचले)
मात्सु – मात्ता (वाट पाहिली)
तोरु – तोत्ता (घेतले)

हे बदल उच्चारसुलभतेतून घडले आहेत. ‘ग’ किंवा ‘म’ या घोष व्यंजनांमुळे ‘ता’चा ‘दा’ होतो, हे वरील उदाहरणांत दिसेल. ‘हानासु’ (बोलणे) याचे मात्र ‘हानाशिता’ होते. ‘इकु’ (जाणे) हा अपवाद आहे. त्याचे रूप ‘इत्ता’.

४.४ प्रत्ययांची साखळी आणि आदर

जपानी प्रत्यय एकापुढे एक जोडले जातात. ‘ताबे-सासे-रारे-ता’ या एका शब्दात खाणे, प्रयोजक, कर्मणी आणि भूतकाळ असे चार घटक आहेत. अर्थ ‘(एखाद्याला) खायला लावले गेले’. मराठीला येथे स्वतंत्र सहायक क्रियापदे लागतात.

आदराची व्यवस्था याहून अधिक लक्षणीय आहे. मराठीत ‘पाऊस पडला’ हे वाक्य मित्राला सांगा वा वरिष्ठांना, क्रियापद तेच राहते. जपानीत मित्राला ‘आमे गा फुत्ता’ म्हणतात, वरिष्ठांना ‘आमे गा फुरिमाशिता’. येथे आदर पावसाचा नाही. तो ऐकणाऱ्याचा आहे.

कर्त्याचा आदर वेगळ्या क्रियापदाने दाखवला जातो. ‘आले’ या अर्थी गुरूंविषयी ‘इराश्शाइमाशिता’, तर स्वतःविषयी नम्रतेने ‘माइरिमाशिता’ म्हणतात. दोन्ही वाक्यांत कर्ता उच्चारला नाही तरी कोण आले याचा अंदाज येतो. मराठीत पुरुषवाचक प्रत्यय जे काम करतो, त्याचा काही भाग जपानीत आदरभेद पार पाडतो. उरलेले काम संदर्भ करतो.

४.५ सारांश

जपानी क्रियापदाला लिंग, वचन व पुरुष यांचे विकार होत नाहीत. मात्र नकार, संकेत, प्रयोजकता आणि आदर हे भेद ते प्रत्ययांनी व्यक्त करते. म्हणून कोणत्याही भाषेस ‘सोपी’ वा ‘अपुरी’ ठरवण्यापूर्वी, आपल्या भाषेतील माहिती तिच्यात कोठे ठेवली आहे हे शोधावे. मराठीकडे पाहण्याची नवी दृष्टीही त्यातूनच मिळते.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘योमु’ची नकारार्थी व संकेतार्थी रूपे ‘काकु’प्रमाणे तयार करा.
२. ‘किरु’च्या दोन अर्थांची रूपे वेगळी का होतात?
३. ‘गुरुजी आले’ या वाक्यातील आदर मराठीत कशाने व्यक्त होतो? जपानी पद्धतीशी तुलना करा.

उत्तर १ : योमानाइ, योमेबा. उर्वरित उत्तरे ४.२ व ४.४ यांच्या आधारे स्वतःच्या शब्दांत लिहा.