मिरचीचे बी

मुलांनो, 'परसबाग' हा शब्द पाहा. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. 'बाग' मात्र तुमच्या ओळखीचा शब्द आहे. तो फारसीतून उर्दूत आला, तसाच मराठीतही आला.

आपल्या गडहिंग्लजच्या बाजारात जवारी मिरचीचे सौदे होतात. हीच संकेश्वरी मिरची: लांब, बारीक, सुरकुतलेली. तिच्याशिवाय कोल्हापुरी चटणीला चव नाही, असे मला वाटते. पण अनेक शेतकरी आता जास्त उत्पन्न देणारी संकरित मिरची लावतात. संकरित झाडाचे बी धरले, तर पुढची झाडे तशीच येत नाहीत; म्हणून दरवर्षी बी विकत घ्यावे लागते. जवारीचे बी घरीच धरता येते. मात्र धरणारेच उरले नाहीत, तर हे वाण संपेल. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी असेच गावरान बी जपले. त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली.

तुम्हीही बी धरा. निरोगी झाडावरच पिकून लाल झालेली मिरची तोडा. सावलीत वाळवा. बी काढून, राख चोळून कोरड्या बाटलीत ठेवा आणि वर वाणाचे नाव व साल लिहा. हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका! पुढे वाफ्यात लावाल, तेव्हा शेजारी दुसरी मिरची नको. मधमाश्या पराग नेतात आणि जात मिसळते. ढबू मिरचीसुद्धा नको.