नायक दर चौकटीत वेगळा दिसतो

प्रश्न : कॉमिकसाठी नायक रेखाटतोय, पण प्रत्येक चौकटीत तो वेगळाच दिसतो. काय करू?

उत्तर : आधी तपशील कमी करा. कॉमिक-चित्रकार एर्जे यांचा नायक टिनटिन पाहा : गोल चेहरा, ठिपक्यांएवढे डोळे आणि कपाळावर उभी बट. १९२९ साली सुरू झालेल्या पहिल्याच कथेत गाडी सुसाट निघते, वाऱ्याने ती बट उभी राहते आणि पुढे कायम तशीच राहते. ओळखीची खूण अशी कथेतूनही सापडते, म्हणून ती ठरेपर्यंत अडून बसू नका.

तुमचा नायक काळ्या शाईने पूर्ण भरून पाहा. नुसत्या आकारावरून तो ओळखू आला पाहिजे. मग एकाच कागदावर त्याला समोरून, बाजूने, पाठमोरा काढा. दमलेला, चिडलेला, पळणाराही. डोक्याच्या किती पट उंची, हे तिथेच पक्कं करा. सदऱ्यावरची नक्षी मात्र खुशाल गाळा.