मोकळा माणूस : धर्मादाय धाव, श्रमदान आणि कुटुंबाचे वेळापत्रक

धर्मादाय धाव म्हणजे एखाद्या समाजोपयोगी कामासाठी निधी उभा राहावा किंवा त्या कामाकडे लोकांचे लक्ष वळावे, या हेतूने भरवलेली सामूहिक धाव होय. तिच्यातील ज्या गटाला ‘फन रन’ म्हणतात, त्यात वेळेची नोंद, क्रमांक आणि बक्षीस यांना महत्त्व नसते, चालत-धावत, गप्पा मारत चारपाच किलोमीटर पार करावेत एवढीच अपेक्षा असते. या प्रकाराचे सर्वांत परिचित उदाहरण कॅनडातील आहे. कर्करोगामुळे उजवा पाय गमावलेला टेरी फॉक्स हा तरुण १९८० साली कृत्रिम पायावर १४३ दिवस धावत राहिला आणि आजार बळावल्यावरच थांबला; १९८१ पासून त्याच्या नावाने होणाऱ्या धावेत प्रवेशशुल्क घेत नाहीत आणि पहिला-दुसराही काढत नाहीत. महाराष्ट्रात २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमधील ‘ड्रीम रन’मुळे ही कल्पना घरोघरी पोचली आणि रत्नागिरीतही २०२४ च्या जानेवारीपासून कोकण कोस्टल मॅरेथॉन होऊ लागल्यावर पहाटे बूट घालून बाहेर पडणारा माणूस हा चेष्टेचा विषय राहिला नाही. प्रस्तुत लेखातील अनुभव मात्र अशा मोठ्या स्पर्धेतला नसून एका लहानशा धावेतला आहे आणि त्यातील दोष आयोजकांचा कमी, प्रस्तुत लेखिकेच्या घरात फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या वेळापत्रकाचा अधिक होता.

त्या वेळापत्रकाचे वैशिष्ट्य असे की, त्यात एकही रकाना रिकामा नव्हता. शनिवारी सकाळी रत्नागिरीजवळच्या भाट्ये किनाऱ्यावर सर्वांनी श्रमदान करायचे, दुपारी धावण्याचे क्रमांक आणायचे, रात्री स्वयंसेवकांसाठी खाऊची पाकिटे भरायची आणि रविवारी पहाटे पतीने दहा किलोमीटर, तेरा वर्षांच्या मुलाने व त्याच्या आत्याने पाच किलोमीटर धावायचे, सासऱ्यांनी पाण्याच्या टेबलावर उभे राहायचे, तर लेखिकेने नोंदणीच्या टेबलावर बसायचे, अशी ती आखणी होती. सत्कार्यात घरातील प्रत्येक माणूस गुंतलेला असणे हे त्या कागदाचे भूषण वाटत होते. वस्तुतः तेच त्याचे व्यंग होते.

पहिली चूक समुद्राच्या बाबतीत झाली. भाट्ये किनारा सुमारे दीड किलोमीटर लांब, जवळजवळ सरळ आणि मागे सुरूचे बन असलेला आहे. तेथील कचरा गोळा करण्याची वेळ घड्याळावरून नव्हे, तर भरती-ओहोटीवरून ठरवावी लागते. किनाऱ्यावरचे जुने लोक त्यासाठी पाऊणपटीचा हिशेब वापरतात, म्हणजे त्या दिवशीच्या तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, असा तो हिशेब असून पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. श्रमदानाचा तो शनिवार त्रयोदशीचा होता. तेराची पाऊणपट पावणेदहा, आणि कार्यक्रमपत्रिकेवर वेळ छापलेली आठ ते दहा. पौर्णिमा जवळ आल्यामुळे पाणी उधाणाकडे झुकलेले, म्हणजे मोठ्या भरतीचे होते, आणि परिणामी दीड-दोन तास स्वयंसेवकांनी सुरूच्या सावलीत छायाचित्रे काढण्यात घालवले, तर खरे काम साडेदहानंतर सुरू होऊन एक वाजेपर्यंत उन्हात चालले. घरात टांगलेल्या दिनदर्शिकेवर तिथी ठळक छापलेली असते आणि तिचा उपयोग संकष्टीपलीकडेही होतो, हे कोकणात राहणाऱ्या कुटुंबाने विसरावे, ही खरे तर लाजेचीच गोष्ट आहे.

किनाऱ्यावरच्या कामाचे स्वरूपही नीट समजून घेतलेले बरे. बाटल्या आणि वेष्टने हा कचऱ्याचा हलका भाग असतो. अंगावर येतात ती वाळूत अर्धवट गाडली गेलेली नायलॉनची जाळी, कारण ती ओढताना कमरेवर ताण येतो आणि त्यांच्यासोबत ओली वाळू गोणीत शिरून गोणीचे वजन अकारण वाढते. जाळे ओढून उपटण्याऐवजी कोयतीने तुकडे करून काढावे, गोणी अर्ध्यापेक्षा अधिक भरू नये, ती दोघांनी उचलावी आणि फुटलेल्या ट्यूबलाइट व काचा मुलांच्या हाती न देता वेगळ्या डब्यात जमा कराव्यात. नोव्हेंबर ते मार्च हा काळ ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचाही असल्यामुळे या जिल्ह्यातील किनाऱ्यांवर त्या दिवसांत दाताळ्याने खोल वाळू उकरू नये, ही सूचना श्रमदानाच्या पत्रकावर क्वचितच दिसते, पण ती असायला हवी.

शनिवारच्या या कामाचा रविवारच्या धावेशी काय संबंध, असा प्रश्न त्या वेळी कोणाच्याही मनात आला नाही, कारण सेवा ही मनाने करायची व धाव ही पायांनी, अशी काहीशी भाबडी विभागणी गृहीत धरलेली होती. शरीर असा भेद करत नाही. जानेवारीतही रत्नागिरीत दुपारचे तापमान ३० अंशांच्या पुढे जाते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा थंड व तुलनेने कोरडा असतो, परंतु दिवस चढल्यावर समुद्रावरून येणारे खारे वारे सुरू होतात, हवेतील बाष्प वाढते आणि अंगावरचा घाम वाळेनासा होतो. घाम गळून गेल्याने शरीर थंड होत नाही, तो अंगावर वाळल्याने होते. म्हणून दमट हवेत पाणी आणि क्षार दोन्ही खर्ची पडतात व उष्णता मात्र आतच राहते. अशा अडीच तासांनंतर रात्री अकरापर्यंत लाडू-चिवड्याची पाकिटे भरणाऱ्या आणि पहाटे साडेचारला उठून उपाशीपोटी निघालेल्या मुलाने पाच किलोमीटर धावावे, ही अपेक्षाच चुकीची होती.

धाव साडेसहाला सुटायची होती. पाहुण्यांची भाषणे संपून पाच किलोमीटरचा गट सुटेपर्यंत आठ वाजत आले. (भाषणे धाव संपल्यावर ठेवली तर श्रोते पळून जातात, ही आयोजकांची अडचण खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय छोटे भाषण हा आहे.) भाट्ये पुलावर वारा असल्यामुळे मुलाला त्रास जाणवला नाही, मात्र पूल ओलांडून शहराकडे चढणाऱ्या रस्त्यावर त्याला घेरी आली आणि तेथील एका स्वयंसेविकेने त्याला सावलीत बसवून प्रथमोपचाराच्या मंडपात नेले. येथवर घडले ते अशा धावांमध्ये अधूनमधून घडतच असते.

खरी अडचण बिबमुळे उद्भवली. बिब म्हणजे धावणाऱ्याने छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद होय. त्याच्या मागील बाजूस नाव, रक्तगट, आजार, चालू असलेली औषधे आणि संकटकाळी कळवायचा दूरध्वनी क्रमांक लिहिण्याची जागा असते, आणि बहुतेक धावपटू तो कागद टाचण्यांसाठी उलटा करतात तेवढाच. मुलाचे बिब शनिवारच्या गडबडीत हरवले होते आणि आत्याची कंबर गोण्या उचलून धरली होती, तेव्हा आत्याचे बिब मुलाला द्यावे, असा सोयीचा निर्णय रात्रीच घेण्यात आला होता. मंडपातील डॉक्टरांनी कागद उलटून पाहिला तेव्हा त्यावर बेचाळीस वर्षांच्या स्त्रीचे नाव, तिचा रक्तगट, थायरॉइडच्या गोळीची नोंद आणि तिचा स्वतःचाच दूरध्वनी क्रमांक होता, तर ती स्वतः घरी झोपलेली व फोन आवाज बंद करून ठेवलेला. मुलगा आईचा क्रमांक सांगण्याइतका सावध होता, पण आईचा फोन नोंदणीच्या टेबलाखालच्या पिशवीत होता, वडील दहा किलोमीटरच्या वाटेवर होते आणि आजोबा पाण्याचे पेले भरत होते. तीनशे पावलांच्या अंतरात घरातली दोन माणसे असूनही जवळजवळ पाऊण तास त्या मुलाजवळ घरचे कोणी नव्हते. त्याला जलसंजीवनी पाजण्यात आली, पाय उंचावर ठेवून झोपवण्यात आले आणि तो सावरला. गंभीर काही घडले नाही, म्हणूनच हा प्रसंग शांतपणे लिहिता येतो.

दुसऱ्याच्या नावाचे बिब लावून धावणे म्हणजे किरकोळ हिशेबातली हयगय, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बेशुद्ध माणसाच्या वतीने बोलणारा तो एकमेव कागद असतो. तो बदलायचाच असेल तर नोंदणीच्या टेबलावर जाऊन नाव बदलून घ्यावे, मागील मजकूर स्वतःच्या हस्ताक्षरात पुसला न जाणाऱ्या शाईने लिहावा आणि संकटकाळचा क्रमांक अशा व्यक्तीचा द्यावा, जी त्या सकाळी धावतही नाही आणि सेवेतही नाही.

ही शेवटची अट पाळायची तर घरात असा एक माणूस शिल्लक ठेवावा लागतो, आणि येथे कोकणातील जुन्या रिवाजाकडे पाहण्यासारखे आहे. रत्नागिरीचे ग्रामदैवत श्री देव भैरी हे बारा वाड्यांचे मानले जाते आणि शिमग्यात त्याची पालखी फिरते तेव्हा खांदेकरी सतत खांदे बदलत असतात. पालखीला खांदा लागलेले जेवढे, त्याहून अधिक लोक मोकळ्या खांद्याने बाजूने चालत असतात आणि त्यांना कोणी रिकामटेकडे म्हणत नाही. आधुनिक स्वयंसेवेच्या तक्त्यांत हा मोकळा खांदाच नसतो. नावे कमी आणि कामे जास्त असल्यामुळे प्रत्येक नावापुढे एक काम लिहिले जाते, आणि मग एक माणूस कोलमडला की त्याला सावरण्यासाठी दुसरा आपले काम सोडून येतो व तेही कोलमडते.

शरीराच्या तयारीबद्दल थोडक्यात सांगायचे, तर श्रमदान आणि धाव लागोपाठच्या दिवशी आलीच, तर त्यांपैकी एकच पूर्ण ताकदीने करावे. उष्ण हवेची सवय होण्यास साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून पुण्याहून किंवा अधिक थंड प्रदेशातून आदल्या रात्री आलेल्या नातेवाइकांना आग्रहाने धावायला लावू नये. नुसते पाणी ढोसत राहणेही बरे नव्हे, कारण त्यामुळे रक्तातील सोडियम पातळ होऊ शकते. मीठ घातलेले कोकम सरबत किंवा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून केलेली जलसंजीवनी जवळ असावी, आणि त्यात चमचा म्हणजे चहाचा चमचा. थकव्यात घाम येत असतो व माणूस नीट बोलतो. मात्र तो बरळू लागला, अडखळू लागला किंवा अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजून आधी अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बरळणाऱ्याला पाणी पाजण्याचा प्रयत्न करू नये.

पैशाविषयी एकच. प्रवेशशुल्कातून टी-शर्ट, पदक आणि नाश्ता यांचा खर्च भागतो, त्यामुळे ते शुल्क म्हणजे देणगी नव्हे. ज्यांना देणगी द्यायची आहे त्यांनी ती संस्थेला वेगळी द्यावी, पावती घ्यावी, आणि प्राप्तिकरात देणगीवरची सवलत हवी असल्यास २००० रुपयांवरील रक्कम रोख देऊ नये.

पुढच्या वर्षीचे वेळापत्रक त्याच फ्रिजवर लागले, पण तिथी पाहून. श्रमदान धावेच्या तीन आठवडे आधी उरकले, खाऊ वाणसामानाच्या दुकानातून तयार आणला आणि सासऱ्यांच्या नावापुढचा रकाना मुद्दाम कोरा ठेवला. हातात दोन फोन, बटव्यात सर्वांच्या औषधांची यादी आणि पाठीशी सुरूच्या झाडाची सावली एवढ्यावर त्यांना बसवण्यात आले. आपल्याला काहीच काम दिले नाही, ही त्यांची तक्रार मात्र सकाळभर चालू होती आणि तेवढ्यात ते चहाच्या टपरीवर दोनदा जाऊन आले, दोन्ही फोन सोबत घेऊन.